हातमोज्यांच्या नाचातली उडी

लव्हॉन प्रुइटला बोलावलं होतं ते नुसतं खुर्चीत बसायला. 'हातमोजे पहिल्या मजल्यावर' या चित्रपटाला पासष्ट वर्षं झाली, त्याचा सोहळा हॉलिवूडजवळच्या बरबँकच्या जुन्या नाट्यगृहात व्हायचा होता. चित्रपटात नाचलेल्यांपैकी हयात अशी ती एकटीच उरलेली. तिला पहिल्या रांगेत बसवायचं, नाव पुकारलं की तिने उठून हात हलवायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, असा बेत होता. कार्यक्रमाचा दिग्दर्शक डेसमंड अगिलार याने फोनवर मोठ्या अदबीने तसं सांगितलंही होतं.

"तुम्हाला कसलाही त्रास नाही, मिस लव्हॉन. फक्त या."

"येते की," ती म्हणाली. पण तालमी कधी असतात हेही तिने बोलता बोलता काढून घेतलं, आणि मंगळवारी सकाळी दहाला, कोणी बोलावलेलं नसताना, आपली जुनी ब्यूक स्वतः चालवत दारात हजर झाली. वय पंच्याऐंशी, पाठ ताठ, पांढरेशुभ्र केस मागे घट्ट बांधलेले.

डेसमंडची धांदल उडाली. खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली, कॉफी आली. रंगमंचावर बारा मुली आणि बारा मुलगे तयार उभे होते. बुटांच्या तळाला ठोका वाजवणारे टॅप नाचाचे पत्रे, हातात पांढरे मोजे. दुकानात हातमोजे विकणाऱ्या मुली आणि तिथेच लिफ्ट चालवणारे गडी यांचा हा नाच. तो माहीत नाही असं माणूस त्या देशात शोधून सापडायचं नाही. लग्नात तो होतो, शाळेच्या संमेलनात होतो. टॅप शिकणाऱ्या पोराला तो बसला नाही तर शिक्षक त्याला पुढच्या वर्गात घालत नाहीत.

पियानो सुरू झाला. चोवीसच्या चोवीस जण डाव्या पायावर निघाले. लव्हॉनने कॉफी खाली ठेवली. पहिला तुकडा संपता संपता सगळ्यांनी कोपर बाहेर काढून, दोन्ही पाय जोडून एक टुणकन उडी मारली. हीच ती 'चिमणीची उडी'. ज्यांना नाचातलं ओ की ठो कळत नाही त्यांनाही ही उडी मारता येते.

"थांबा," लव्हॉन म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण तो चाळीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज होता. पियानोवाल्याचे हात आपोआप उचलले गेले.

"पाय उलटा आहे तुमचा."

डेसमंड हसत हसत तिच्याजवळ आला. "मिस लव्हॉन, आम्ही हा नाच एकेक चित्र थांबवून बसवलाय. आठ महिने लागलेत. पडद्यावर आयरिस डाव्याच पायावर निघते."

"आयरिसला तो नाच कोणी शिकवला, ठाऊक आहे?"

"मायलो झर्बीने."

"मायलोने बसवला. शिकवला मी. ती निघायची उजव्यावर. आणि ती उडी कुठून आणलीत? ती तर चित्रपटातसुद्धा नाही."

"उडी परंपरेने आली आहे," डेसमंड म्हणाला. "ती नसेल तर पुढचं पाऊल जुळतच नाही."

"जुळणार कसं? पायच उलटा आहे!"

ती जे सांगत होती ते पासष्ट वर्षांपूर्वी घडलेलं होतं. तेव्हा ती वीस वर्षांची, नृत्यदिग्दर्शक मायलो झर्बीची हाताखालची. नायिका आयरिस वेनराइटला प्रत्येक पाऊल आधी लव्हॉन करून दाखवायची, आणि चित्रीकरणाच्या वेळी स्वतः विक्रेत्या मुलींच्या रांगेत सहावी उभी राहायची. तीन आठवडे घोटून घोटून तो नाच बसला, चार दिवसांत चित्रित झाला. मग चित्रपट जोडायला बसलेल्या संकलकाच्या लक्षात आलं, की आधीच्या प्रसंगात आयरिस ज्या बाजूला धावत बाहेर जाते त्याच बाजूने ती नाचात आत शिरते, जणू अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. डोळ्याला खटकत होतं. त्याने नाचाचा पहिला तुकडा, चाळीस सेकंदांचा, पालथा करून जोडला. फिल्मच्या पट्टीची उजवी बाजू डावी झाली, डावी उजवी. त्या तुकड्यात कुठे पाटी नव्हती, अक्षर नव्हतं, गड्यांच्या कोटांना दोन्हीकडे सारखीच बटणं. कोणाला काही कळलं नाही.

लव्हॉनला कळलं. ग्लेनडेलच्या चित्रपटगृहात पहिल्या खेळाला बसलेली असताना खुर्चीखाली तिचे पाय पडद्याच्या नेमके उलट पडत होते. बाहेर पडताना तिने मायलोची बाही धरली. "मायलो, आपण सगळे उलटे नाचतोय!" मायलो खुशीत होता, लोक शिट्ट्या मारत होते. "अगं, पाय कोण बघतं?" तो म्हणाला. "लोक चेहरे बघतात."

पुढे तिने बरबँकला स्वतःचा वर्ग काढला आणि तो नाच उजव्या पायावरच शिकवला. पालक चित्रपट पाहून यायचे आणि म्हणायचे, बाई, तुम्ही चुकीचं शिकवता. एकदा फ्रेस्नोच्या स्पर्धेत तिच्या अकरा-अकरा वर्षांच्या मुली सुरेख नाचल्या, आणि उडी गाळली म्हणून परीक्षकाने त्यांचे गुण कापले. लव्हॉनने त्याला पट्टीची गोष्ट सांगितली. तो मनापासून हसला, जणू बाईंनी विनोद केला. त्या वर्षी तिच्या वर्गातली निम्मी मुलं दुसरीकडे गेली. तेव्हापासून त्या उडीचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. ज्या कोणा मठ्ठ माणसाने ती घुसडली, त्याला ना कान असावेत ना पाय, असं ती खुशाल बोलून दाखवायची.

"पुरावा?" डेसमंडने विचारलं. विचारलं अगदी नम्रपणे, पण विचारलं.

"चित्रपट लाव."

मागच्या पांढऱ्या पडद्यावर त्याने तो तुकडा लावला. काउंटरच्या मागे, भिंतीवर उंच, एक गोल घड्याळ होतं. आकडे नाहीत, नुसत्या रेघा.

"ते घड्याळ बघ."

"ती तर प्रसिद्ध चूक आहे!" डेसमंड म्हणाला. मुलांतही हशा पिकला. "इंटरनेटवर चित्रपटांतल्या चुकांच्या याद्या असतात ना, त्यांत ही पहिली. आधी दोन चाळीस, नाच सुरू झाला की नऊ वीस, पुढच्या तुकड्यात पुन्हा दोन चाळीस. सामानवाल्यांची गफलत."

"आमचा सामानवाला ऑटो. त्या माणसाने जन्मात एक खिळा वाकडा ठोकला नाही," लव्हॉन म्हणाली. "आरसा आहे का कोणाजवळ?"

रांगेतली पहिली मुलगी, आयरिसचं काम करणारी कोरा गॅटलिन, पिशवीतून छोटा आरसा घेऊन आली. डेसमंडने पडद्याकडे पाठ केली, आरसा डोळ्यांसमोर धरला आणि त्यात घड्याळ शोधलं. मग त्याने आरसा बाहीने पुसला आणि पुन्हा धरला.

"काय वाजले?" लव्हॉनने विचारलं.

"दोन चाळीस," तो म्हणाला.

मग आरसा हातोहात फिरला. प्रत्येकाने बघितलं, "बाप रे" म्हणत सगळे हसू लागले. फक्त कोरा हसली नाही. सव्वीस वर्षांची, लांब पायांची, सगळ्यांत चांगली नाचणारी मुलगी होती ती.

"मी पाच वर्षांची होते तेव्हापासून हा नाच करतेय," ती म्हणाली. "आजीने शिकवला. टोलीडोला चर्चच्या तळघरात ती साठ वर्षं हाच शिकवतेय. हजारभर पोरं नाचली असतील तिच्या हाताखाली. ते सगळं चूक?"

समजूत घालणं लव्हॉनच्या स्वभावात नव्हतं. "चूकच," ती म्हणाली.

कोराने खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा करकचून बांधली. "शिकवा मग. पण आजी पुढच्या गुरुवारी येणार आहे, रंगीत तालमीला. तिला तुम्हीच सांगा."

"सांगेन की. मी काय भिते का तिला?"

"तुम्ही अजून भेटला नाहीत तिला," कोरा म्हणाली.

मधल्या नऊ दिवसांत लव्हॉनने चोवीस जणांचे पाय उलटवले. तिला आता उड्या येत नव्हत्या, गिरक्या येत नव्हत्या. डाव्या हाताने पियानोची कड धरायची आणि टाच जेमतेम बोटभर उचलून पाऊल दाखवायची. पण त्या बोटभर उचललेल्या टाचेचा ठोका मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ ऐकू जायचा. पहिले तीन दिवस पोरं एकमेकांवर आदळत होती. "मिस लव्हॉन, माझे पाय माझं ऐकत नाहीत," एक मुलगा कळवळून म्हणाला. "ऐकतील," ती म्हणाली. "तू बोलायचं थांबलास की लगेच ऐकतील."

चौथ्या दिवशी तो पहिला तुकडा अखंड झाला. शेवटच्या ठोक्याला वजन आपोआप डाव्या पायावर आलं आणि पुढचं पाऊल कसलीही ओढाताण न करता पडलं. उडीची गरजच राहिली नाही. कोरा थबकली. "हे तर आपोआप होतंय!" तिने तो तुकडा एकटीने पुन्हा करून बघितला, पुन्हा केला. त्या दिवशी घरी जाताना लव्हॉनने गाडीत रेडिओ लावला आणि सबंध रस्ता ती स्वतःशी गात गेली.

गुरुवारी दुपारी रंगीत तालमीला तीनशे लोक आले. सगळे टॅपवाले, शिक्षक नाहीतर विद्यार्थी. लव्हॉनच्या शेजारच्या खुर्चीत एक ठेंगणी, जाडसर, सावळी बाई येऊन बसली. ऐंशीची असावी. डोक्यावर हिरवी टोपी, मांडीवर भलीमोठी पिशवी. तिने लव्हॉनकडे बघून मान हलवली, पिशवीतून खारे शेंगदाणे काढले आणि न विचारता तिच्या तळहातावर ओतले.

नाच सुरू झाला. मुली-मुलगे उजव्या पायावर निघाले. शेजारची बाई शेंगदाणे खायची थांबली. पहिला तुकडा संपत आला, आणि ज्या ठोक्याला उडी यायची त्या ठोक्याला सबंध प्रेक्षागृहात धप्प असा आवाज झाला. तीनशे लोकांनी, बसल्या जागी, न ठरवता, दोन्ही पाय जमिनीवर आपटले होते. रंगमंचावर मात्र उडी नव्हती. नाच सफाईने पुढे निघून गेला. लोक एकमेकांकडे बघू लागले. जिना उतरताना अंधारात शेवटची एक पायरी चुकावी तसे चेहरे झाले होते.

लव्हॉनला आधी राग आला. पण त्या आवाजात काहीतरी होतं. लहान पोरांचे पाय होते, म्हाताऱ्यांचे होते, आणि एकाचाही ठोका इकडेतिकडे झालेला नव्हता.

"उडी कोणी काढली?" शेजारच्या बाईने मोठ्याने विचारलं.

"मी," लव्हॉन म्हणाली. "ती कधी नव्हतीच चित्रपटात."

"ते मला नका सांगू. मला माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कारण मी घातली ती." बाईने टोपी सारखी केली. "बर्निस गॅटलिन. ती पुढची उंच मुलगी माझी नात."

लव्हॉनने तिच्याकडे पुरतं वळून बघितलं. इतकी वर्षं ज्या मठ्ठ माणसाला ती शिव्या देत आली होती, तो माणूस शेजारी बसून शेंगदाणे खात होता.

"का घातलीत?"

"काय करणार मग? पंचावन्न सालची गोष्ट. मी सतरा वर्षांची. आमच्या चर्चच्या मुलांसाठी तो चित्रपट दोन दिवसांपुरता आणला होता. तळघरात यंत्र लावून नाचाचं ते एकच रीळ मी अकरा वेळा फिरवलं. चर्चचे कारभारी ओरडत होते, यंत्राचा दिवा जळून जाईल म्हणून. पहिल्यांदा वाटलं माझंच चुकतंय. मग कागदावर पावलं मांडली. डाव्यावर निघालं की शेवटी वजन येतं उजव्यावर. आणि पुढच्या चित्रात बघते तर आयरिस उभी डाव्यावर! माणूस काय मधेच पाय बदलून ठेवतो? तिथे काहीतरी झालंय एवढं मला कळलं. काय झालंय ते कळेना. मी म्हटलं, हॉलिवूडने काय लपवायचं ते लपवू दे, माझ्या पोरींना रविवारी नाचायचंय. पाय बदलायला उडी घातली. पुढे माझ्या मुली शिकागोला टीव्हीवर नाचल्या, आणि तिथून ती कुठे कुठे गेली, देव जाणे."

लव्हॉनने तिला पट्टीची गोष्ट सांगितली. संकलक, पालथा तुकडा, घड्याळ. ऐकता ऐकता बर्निसचे खांदे हलायला लागले, मग ती इतकी हसली की टोपी एका कानावर आली.

"पट्टीच उलटी! आणि मी सबंध उन्हाळा माझ्या पायांना दोष दिला!"

"मी तेव्हाच सांगितलं होतं मायलोला," लव्हॉन म्हणाली. "तो म्हणाला, पाय कोण बघतं?"

"मी बघत होते," बर्निस म्हणाली.

 लव्हॉनच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले. जगात एक तरी माणूस असं असेल, की ज्याने तो नाच तिच्याइतका नीट बघितला, ही आशा तिने कधीच सोडून दिली होती. आणि ते माणूस सगळा वेळ टोलीडोत होतं, तळघरात, अकराव्यांदा रीळ फिरवत. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तशी सवय नव्हती.

"तुमची उडी तालात आहे," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे मला," बर्निस म्हणाली.

तालीम संपली तसं लव्हॉनने तिचा दंड धरला. "चला माझ्याबरोबर." दोघी पायऱ्या चढून रंगमंचावर गेल्या. डेसमंड घाम पुसत होता. तो पायांचा धप्प आवाज त्याच्याही काळजात बसला होता.

"डेसमंड, दोन रांगा समोरासमोर कर," लव्हॉन म्हणाली. "मुली माझ्या पद्धतीने, उजव्यावर. मुलगे यांच्या पद्धतीने, डाव्यावर. आरशासमोर उभं राहिल्यासारखे दिसले पाहिजेत. तुकडा संपताना मुली सरळ पुढे निघतील, आणि मुलगे उडी मारून त्यांना येऊन मिळतील. तिथून पुढे सगळ्यांचा पाय एक."

"मिस लव्हॉन! परवा कार्यक्रम आहे!"

"म्हणून तर आज सांगतेय. नवीन काय शिकायचंय त्यांना? दोन्ही पाय येतात की."

खरंच येत होते. आठ महिने डावा घोटला होता, नऊ दिवस उजवा. पहिल्या खेपेला रांगा तिरक्या गेल्या, दुसऱ्या खेपेला सरळ झाल्या. तिसऱ्या खेपेला बर्निसने मुलांच्या रांगेतून फिरत एकेकाच्या गुडघ्यावर टिचकी मारली. "मऊ ठेव गुडघा, मऊ. चिमणी आहेस तू, बेडूक नाहीस." पियानोच्या बाजूने लव्हॉनचा आवाज यायचा, "मुलींनो, त्यांच्याकडे बघू नका, ते येतील." चौथ्या खेपेला ते आले. बारा मुलगे एकाच ठोक्याला उडाले आणि मुलींच्या पावलात पाऊल मिसळून निघाले. मांडीवर हात आपटून "हे!" असं डेसमंड ओरडला, आणि मग कोणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. पण कोरा आजीकडे बघत होती, आणि आजीचं लक्ष लव्हॉनच्या टाचेकडे होतं.

शनिवारी संध्याकाळी नाट्यगृह खच्चून भरलं. उडीच्या ठोक्याला लोकांनी पाय आपटले, आणि या खेपेला रंगमंचावरूनही उत्तर आलं. लोक इतके खूश झाले की वाद्यवृंदाला तो तुकडा पुन्हा वाजवावा लागला, मग तिसऱ्यांदाही. लव्हॉनचं नाव पुकारलं तेव्हा तिने बर्निसला बरोबर उठवलं आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"मायलोने नाच बसवला, मी शिकवला, आणि या बाईंनी तो दुरुस्त केला," ती म्हणाली. "दुरुस्त करायची वेळ का आली ते डेसमंडला विचारा. त्याच्याकडे आरसा आहे."

महिन्याभराने जुने चित्रपट जपणाऱ्या एका संस्थेतून तिला फोन आला. चित्रपटाची नवी, स्वच्छ प्रत निघणार होती. तो चाळीस सेकंदांचा तुकडा सरळ करून टाकावा का, असं एक तरुण अधिकारी विचारत होता.

"मुळीच नको," लव्हॉन म्हणाली. "संकलकाची जोडणी बरोबर आहे, डोळ्याला छान दिसते. त्याने फक्त आम्हाला सांगायला हवं होतं. नाच कसा होता ते आता चोवीस पोरांना येतं, ती पुढे शिकवतील. तुम्ही एवढंच करा, ते घड्याळ चुकांच्या यादीतून काढायला लावा. ऑटोची चूक नव्हती ती."

"यादी आमची नाही हो, लोकांची आहे."

"मग लोकांना सांगा. तुमचं कामच आहे ते."

ऑक्टोबरात ती टोलीडोला गेली. बर्निसने दोन दिवसांसाठी बोलावलं होतं, ती आठवडाभर राहिली. तळघरात अठरा पोरं रांगेत उभी होती आणि दोन म्हाताऱ्या दोन टोकांना. पहिल्याच दिवशी दोघींचं जुंपलं. लव्हॉनचं म्हणणं, बर्निस लय फार चढी धरते, चित्रपटात ती इतकी जलद नाही. बर्निस म्हणाली, यंत्र जुनं होतं, भराभर फिरायचं, तिने ऐकली ती अशीच.

"पण मी तिथे होते!" लव्हॉन म्हणाली.

"होतात ना? मग नाचून दाखवा."

लव्हॉनने कोपऱ्यातल्या पियानोची कड धरली आणि बूट जमिनीवर टेकवला. "पोरांनो, मागे सरा जरा," ती म्हणाली.